विश्लेषण : योद्धा, जादूगार की वैद्य? मोबाइल गेममध्ये ‘क्लास’ कसा निवडाल?

गेम डाऊनलोड होतो, खेळाडू आपले नाव टाकतो आणि लगेच पाच-सहा पात्रे समोर उभी राहतात. एकाच्या हातात तलवार, दुसऱ्याच्या हातात धनुष्य, तिसऱ्याभोवती आगीचे लोळ. खाली सूचना असते, ‘क्लास निवडा’. बहुतेक जण दिसायला भारी असलेल्या पात्रावर बोट ठेवतात आणि पुढचे वीस-तीस तास त्या निवडीचे बरेवाईट परिणाम भोगतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रेंज, डेटा आणि फोनची ताकद या तिन्ही गोष्टी जपून वापराव्या लागतात. तिथे ही निवड घाईत केली तर वेळ आणि डेटा दोन्ही वाया जातात.

क्लास म्हणजे नेमके काय?

क्लास म्हणजे पात्राचा पेशा. योद्धा मार सहन करतो आणि जवळून लढतो. जादूगार लांबून मोठे नुकसान करतो, पण दोन फटक्यांत कोसळतो. धनुर्धारी अंतर राखून लढतो, चोर लपूनछपून घाव घालतो, तर पुजारी किंवा वैद्य साथीदारांच्या जखमा भरतो. प्रत्येक क्लासला काही गोष्टी जमतात आणि काही मुद्दाम जमू दिलेल्या नसतात. म्हणून ‘सर्वात ताकदवान कोण’ या प्रश्नाला नेमके उत्तर नसते. कोणती उणीव आपल्याला चालेल, हे ठरवले की निवड सोपी होते.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर बसून, कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा खेळ आला. त्यात तीनच क्लास होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. पुढच्याच वर्षी त्यात चोराची भर पडली. हीच विभागणी संगणकावर आली. १९८१ च्या ‘विझार्ड्री’मध्ये ती दिसते. जपानच्या ‘फायनल फँटसी’ने १९८७ मध्ये खेळाडूला सहा पेशांमधून चौघांची टोळी निवडायला लावली. आजच्या मोबाइल गेममधले क्लास याच घराण्यातले आहेत. २०२२ मध्ये मोबाइलवर आलेल्या ‘डायब्लो इमॉर्टल’मध्ये सुरुवातीला असे सहा क्लास होते.

टँक, हीलर, डॅमेज हे शब्द कशासाठी?

चार-पाच जणांनी मिळून खेळायच्या गेममध्ये क्लासची विभागणी कामावरून होते. शत्रूचा मार अंगावर घेणारा तो टँक, जखमा भरणारा हीलर आणि शत्रूला संपवणारे डॅमेज. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पाच जणांच्या तुकडीत साधारणपणे एक टँक, एक हीलर आणि तीन डॅमेज असा हिशेब असतो.

झाडीपट्टीच्या वाचकाला हे पटकन समजेल. वडसा म्हणजेच देसाईगंज हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके रंगतात. सगळ्यांनी नायकच व्हायचे ठरवले तर पडदा उघडणार नाही. खलनायक लागतो, गाणारा लागतो आणि पहाटेपर्यंत प्रेक्षक जागा ठेवणारा विनोदी नटही लागतो. याच रंगभूमीवर विनोदी भूमिकांनी नाव कमावलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गेममध्येही हीलरच्या वाट्याला टाळ्या कमी येतात, पण तो नसेल तर तुकडी पहिल्याच मोठ्या लढतीत गारद होते.

एकटेच खेळायचे असेल तर गणित बदलते. ताडोबात वाघ दबा धरून एकट्याने शिकार करतो, रानकुत्रे मात्र कळपाने पाठलाग करतात. एकट्या खेळाडूने स्वतःला सांभाळू शकेल असा, म्हणजे थोडा मार सोसणारा आणि थोडा देणारा क्लास घ्यावा. निव्वळ हीलर घेतल्यास साधा शत्रू मारायलाही बराच वेळ जातो.

रेंज जात-येत असेल तर?

भामरागड, एटापल्लीसारख्या दुर्गम तालुक्यांत अनेक ठिकाणी हाच पहिला प्रश्न असतो. ऑनलाइन लढतीत डॅमेजवाल्याचे नेट दहा सेकंद गेले तर लढत थोडी लांबते. टँक किंवा हीलरचे नेट गेले तर सगळी तुकडी मरते आणि इतरांचाही अर्धा तास फुकट जातो. त्यामुळे कनेक्शन भरवशाचे नसेल तर या दोन भूमिका न घेणे इतरांच्याही हिताचे असते. अशा वेळी लांबून मारा करणारा किंवा पाळीव प्राणी, सांगाडे असे मदतनीस लढायला लावणारा क्लास बरा. नेट अडखळले तरी त्याचे लगेच फारसे बिघडत नाही.

फोनही पाहावा लागतो. नेम धरून मंत्र टाकायचा जादूगार लहान किंवा अडखळणाऱ्या स्क्रीनवर चालवणे अवघड जाते. जवळून लढणाऱ्या योद्ध्याला एवढी अचूकता लागत नाही.

नेटच नसेल तर ऑफलाइन गेमचा पर्याय आहे. ‘शॅटर्ड पिक्सेल डन्जन’ हा अँड्रॉइडवर मोफत मिळणारा, आकाराने लहान आणि जाहिराती नसलेला गेम. त्यात सुरुवातीला योद्धा मिळतो, बाकीचे क्लास खेळता खेळता खुले होतात. पात्र मेले की डाव पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे पुढच्या डावात वेगळा क्लास घेऊन पाहता येतो आणि डेटाही लागत नाही.

निवड चुकली तर?

हे गेमवर अवलंबून आहे. २००० मध्ये आलेल्या ‘डायब्लो २’मध्ये एकदा वापरलेले कौशल्य-गुण परत घेण्याची सोय २०१० पर्यंत नव्हती. चूक झाली की पात्र नव्याने उभे करावे लागे. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’मध्ये (१९८८) पेशा बदलता येत होता, पण लेव्हल पुन्हा एकवर येई. नव्या गेमनी मात्र हात सैल सोडला आहे. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) बारा क्लास आहेत आणि गेममधली शंभर सोन्याची नाणी दिली की क्लास बदलून मिळतो. ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) क्लास फक्त सुरुवातीची शस्त्रे आणि गुण ठरवतो. पुढे पात्र हवे तसे घडवता येते. ‘स्कायरिम’ने (२०११) तर क्लासच काढून टाकला. जे वापराल, त्यात पात्र तरबेज होते.

म्हणून गेम सुरू करण्याआधी एकच गोष्ट शोधावी : क्लास किंवा कौशल्ये नंतर बदलता येतात का, आणि त्याची किंमत काय? ती किंमत गेममधल्या नाण्यांत असेल तर बिनधास्त प्रयोग करावेत. खऱ्या रुपयांत असेल तर जपून.

पैशांचे काय?

मोफत म्हणवणारे अनेक गेम इथेच कमाई करतात. निवडलेला क्लास मागे पडू लागला की ताकद वाढवणारी रत्ने, पेट्या, पॅक समोर येतात. पेटीत काय निघेल हे बऱ्याचदा नशिबावर असते. अशा पेट्यांवरील निर्बंधांमुळे ‘डायब्लो इमॉर्टल’ बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये प्रकाशितच झाला नाही. भारतात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. करमणुकीच्या गेममध्ये तलवार किंवा रत्न विकत घेणे ही वेगळी बाब आहे. तिथे खिसा आपणच सांभाळायचा. पालकांना प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड मागण्याची सोय सुरू करता येते.

मग निवडायचे कसे?

चार प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत. एकटे खेळणार की मित्रांसोबत? नेट सलग टिकते का? फोन अडखळतो का? क्लास नंतर बदलता येतो का? मित्रांसोबत खेळायचे असेल तर कोण काय घेणार, हे गेम उघडण्याआधीच ठरवावे आणि ज्याच्या घरी रेंज सर्वात चांगली, त्याच्याकडे हीलर द्यावा. एकट्याने पहिल्यांदाच खेळणाऱ्याने योद्ध्यापासून सुरुवात करावी. चुका झाल्या तरी तो तग धरतो आणि तेवढ्या वेळात गेम समजतो. त्यानंतर दुसऱ्या एखाद्या क्लाससोबत अर्धा तास खेळून पाहावे आणि मगच एकाची निवड पक्की करावी.