चर्चेचा तास आणि विद्यार्थ्याची तयारी

विद्यापीठीय शिक्षणात व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांच्या जोडीला चर्चेचा तास असावा, या तत्त्वाला आज कोणाचाच विरोध नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पाठांतरापेक्षा चिकित्सक विचाराला अधिक महत्त्व दिले आहे. प्रश्न एवढाच उरतो की, त्या तासाला येणाऱ्या विद्यार्थ्याकडून नेमकी अपेक्षा कोणती? ती स्पष्ट नसेल तर चर्चेच्या नावाखाली आणखी एक व्याख्यान होते. नाहीतर चारदोन धीट मुले बोलतात आणि उरलेला वर्ग हजेरी लागल्याच्या समाधानात घरी जातो. जीवशास्त्रासारख्या विषयात हे नुकसान विशेष मोठे आहे.

जीवशास्त्र म्हणजे नावे, आकृत्या आणि वर्गीकरण यांचे पाठांतर, हा समज शालेय वयापासून रुजतो आणि पदवीपर्यंत टिकतो. वस्तुतः या शास्त्रातील प्रत्येक विधानामागे एक वाद आणि तो मिटविणारा पुरावा उभा आहे. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी रचना मांडली, तेव्हा या रेणूची प्रत कशी निघते याविषयी तीन शक्यता होत्या. जुना रेणू जसाच्या तसा राहून संपूर्ण नवा तयार होत असेल. एक जुनी व एक नवी शृंखला एकत्र येत असेल. किंवा जुन्या-नव्याचे तुकडे सर्वत्र विखुरत असतील. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी ई. कोलाय हे जिवाणू आधी जड नायट्रोजनवर अनेक पिढ्या वाढविले आणि मग साध्या नायट्रोजनवर आणले. एका पिढीनंतर सर्व डीएनए मधल्या घनतेचे मिळाले. दोन पिढ्यांनंतर निम्मे मधले आणि निम्मे हलके. १९५८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

‘एक शृंखला जुनी, एक नवी’ हे उत्तर कोणताही विद्यार्थी परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवितो. चर्चेच्या तासाचा प्रश्न मात्र निराळा असावयास हवा: हा प्रयोग पहिल्या पिढीनंतरच थांबविला असता तर काय सिद्ध झाले असते? थोडा विचार केला की ध्यानात येते, पहिल्या पिढीच्या निकालाने पहिली शक्यता बाद होते. परंतु उरलेल्या दोन्ही तशाच शिल्लक राहतात. दुसऱ्या पिढीत हलके डीएनए वेगळे दिसले, तेव्हाच तिसरी शक्यता मागे पडली. हे ज्याने स्वतः ताडून पाहिले, त्याला प्रयोग म्हणजे काय हे कळले.

असा प्रश्न वर्गात तग धरावयाचा असेल तर विद्यार्थ्याकडून काही किमान अपेक्षा ठेवाव्याच लागतील. पहिली, त्याने नेमून दिलेला लेख वाचून यावे. केवळ सारांश नव्हे, तर त्यातील आकृत्या आणि तक्तेही पाहावेत आणि निदान एक प्रश्न लिहून आणावा. दुसरी, निरीक्षण कोणते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कोणता, हे त्याला वेगळे करून सांगता यावे. तिसरी, ‘सर म्हणाले’ किंवा ‘पुस्तकात आहे’ हा पुरावा नव्हे, हे त्याने मान्य करावे. मतभेद व्यक्त करताना टीका विधानावर करावी, बोलणाऱ्यावर नव्हे. चौथी आणि कदाचित सर्वांत अवघड अपेक्षा ही की, जे समजले नाही ते त्याने उघडपणे सांगावे, आणि नेमके कोठे अडले तेही सांगावे.

अर्थात या अपेक्षा एकतर्फी असू शकत नाहीत. शोधनिबंध इंग्रजीत असतात, आणि महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी बारावीपर्यंत मराठीतच विचार करीत आलेले असतात. त्यांचे मौन हे अज्ञानाचे लक्षण नसून पुष्कळदा हसू होण्याच्या भीतीचे लक्षण असते. पारिभाषिक संज्ञा तशाच ठेवून युक्तिवाद मराठीत मांडण्याची मुभा दिली तर विज्ञानाचे काहीही बिघडत नाही. लेख आठवडाभर आधी हाती देणे, मोठा वर्ग पाचपाच जणांच्या गटांत विभागणे आणि गुण वक्तृत्वाला न देता तयारीला देणे, ही शिक्षकांची बाजू आहे.

अभ्यासक्रम मागे पडेल, हा आक्षेप नेहमीचाच. तो अगदीच निराधार नाही. चर्चेला वेळ लागतो. परंतु २०१४ साली स्कॉट फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या अध्यापनाविषयीच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. २०२० मधील अशाच एका अमेरिकी आढाव्यानुसार, अशा वर्गांत वंचित गटांतील विद्यार्थ्यांची पिछाडीही कमी होते. ज्याच्या घरी समजावून सांगणारे कोणी नाही, त्याला चर्चेच्या तासाची गरज सर्वांत अधिक आहे.

साधनांच्या अभावाची सबबही फारशी टिकत नाही. १९५७ साली भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन येथील तरुणांना महागड्या उपकरणांवाचून होणाऱ्या संशोधनाकडे वळवीत. त्यांचे सहकारी एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजून त्यांच्या संख्येत किती फरक पडतो याचा अभ्यास केला. अंगणात पडलेला सडा हाही चर्चेचा विषय होऊ शकतो. किती फुले मोजली म्हणजे पुरेशी, एका झाडावरून सर्व झाडांविषयी बोलता येईल काय, हे प्रश्न कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात विचारता येतात.

या सर्वाचे मोल वर्गाबाहेर कळते. २०२० च्या साथीत घरोघर विज्ञानाच्या पदवीधराकडे कुटुंबीयांनी विचारणा केली: हे औषध घ्यावे काय? हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीची आशा मुख्यतः प्रयोगशाळेतील निरीक्षणे आणि रुग्णांवरील छोट्या, सदोष अभ्यासांवर उभी होती. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडून तुलना केली गेली, तेव्हा रुग्णालयातील रुग्णांना त्याचा लाभ होत नसल्याचे दिसून आले. या दोन पुराव्यांतील फरक सांगण्यासाठी औषधाचे रासायनिक सूत्र पाठ असण्याची गरज नव्हती. ‘तुलना कोणाशी केली?’ एवढे विचारण्याची सवय हवी होती.

ती सवय व्याख्यान ऐकून लागत नाही. ती वाचून येण्याने, चुकत बोलण्याने आणि दुसऱ्याचे ऐकून आपले मत बदलण्याने लागते. म्हणून चर्चेच्या तासाकडे अंतर्गत गुणांची सोय म्हणून पाहणे विद्यार्थ्यांनीही सोडले पाहिजे आणि महाविद्यालयांनीही. पदवी प्रमाणपत्रावर या तासाचा उल्लेख नसेल. परंतु पदवीधराकडून समाजाला जे हवे असते, ते पुष्कळसे याच तासात घडत असते.