यंत्राचा गळा

'मु. पो. पौड, ता. मुळशी, जि. पुणे.' एवढा पत्ता संगणकाला मोठ्यानं वाचायला द्या. 'ता.' म्हणजे तालुका आणि 'जि.' म्हणजे जिल्हा हे त्याला कुणी शिकवलं नसेल, तर तो तबल्याचे बोल म्हटल्यासारखा 'ता', 'जि' करत पुढे जातो. घड्याळात ३:३० दिसले की साडेतीन म्हणायचं, वजनात २.५ दिसले की अडीच, आणि १५० दिसले की बाजारात दीडशे, हेही शिकवावंच लागतं. त्यापुढचा पेच आपल्या लिपीतच आहे. 'जात नाही ती जात' हे आपण सहज बोलून जातो. त्यातला पहिला 'ज' दंत्य, दुसरा तालव्य. कागदावर मात्र दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. चाक आणि चार यांतल्या 'च'चंही तेच. मराठी माणूस हे आईच्या मांडीवर शिकतो. यंत्राला मागचे-पुढचे शब्द पाहून ताडावं लागतं.

चॅटमध्ये आपल्याशी गप्पा मारणाऱ्या कृत्रिम पात्रांना आता स्वतंत्र आवाज मिळू लागले आहेत. कुणाला आजीबाई हवी, कुणाला शेतीसल्ला देणारा काका. त्यांच्या तोंडी येणारा मराठी आवाज घडवायचं काम मात्र आजचं नाही. आयआयटी मद्रासच्या प्रा. हेमा मूर्ती यांच्या पुढाकारानं अनेक संस्थांच्या गटानं मराठीसह कितीतरी भारतीय भाषांचे आवाज तयार केले. सुरुवातीची पद्धत जोडकामाची होती. माणसानं वाचलेल्या वाक्यांचे बारीक तुकडे करायचे आणि हव्या त्या क्रमानं ते पुन्हा सांधायचे. ऐकताना सांधे कळत. पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीत तो आवाज बसला आणि दृष्टिहीन वाचकांच्या कामी आला. त्याच्या रूक्षपणाला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता तुकडे सांधत नाहीत. न्यूरल प्रारूप ध्वनिमुद्रणावरून बोलण्याची ढब शिकतं आणि नवं वाक्य स्वतः उच्चारतं. त्यासाठी लागतो साठा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'सिस्पिन' प्रकल्पात नऊ भाषा होत्या, त्यांत मराठी एक, आणि प्रत्येक भाषेत एक पुरुष व एक स्त्री. त्यातून २०२३च्या एका स्पर्धेसाठी मराठी, हिंदी आणि तेलुगूचं ध्वनिमुद्रण खुलं झालं, दर आवाजाचे सुमारे ४० तास. एकाच माणसानं, एकाच पट्टीत, सर्दी-पडसं न होऊ देता चाळीस तास वाक्यं वाचायची! गळा थकला की आवाज बदलतो, आणि तो बदलही यंत्र इमानेइतबारे शिकतं. गूगलनं खुला केलेला मराठी संच याच्या तुलनेत चिमुकला आहे: नऊ स्त्रिया मिळून साधारण तीन तास.

मायक्रोसॉफ्टच्या तयार मराठी आवाजांची नावं आरोही आणि मनोहर. 'एआयफॉरभारत'च्या खुल्या प्रारूपात संजय आणि सुनीता भेटतात. तिथं आवाज कसा हवा हे वाक्यात लिहून सांगता येतं: सुनीता सावकाश बोलते आहे, मागे गोंगाट नाही, सूर जरा उंच. गंमत अशी, की मराठीत बोलणाऱ्या सुनीताला ही सूचना इंग्रजीतून द्यावी लागते.

ही मंडळी बोलतात छान. बँकेचा निरोप किंवा हवामानाचा अंदाज त्यांच्याकडून ऐकायला काहीच हरकत नाही. पण पात्र म्हणजे निवेदक नव्हे. पात्र अडखळतं, 'हं' म्हणतं, समोरच्याचं वय पाहून 'तू'वरून 'तुम्ही'वर येतं. आजीबाईच्या तोंडी 'सांगितले' आलं तर तिथंच खेळ संपला. तिला 'सांगितलं' म्हणता आलं पाहिजे, आणि ती मावळातली असेल तर 'व्हतं', 'न्हाई', 'पानी'सुद्धा. असं बोलणारं पात्र आजवर माझ्या ऐकण्यात आलेलं नाही.

आणि इथं मुळशीची आठवण येते. हिंजवडी याच तालुक्यात आहे, काचेच्या इमारतींसकट. त्याच तालुक्याच्या डोंगरी गावांत आवाजाचा एक वेगळा साठा गोळा झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी १९८०च्या दशकात मुळशी-मावळच्या गावांमधून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून गावाशी नातं जुळलेलंच होतं. पुढे महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीतशास्त्रज्ञानं त्यांचा संगणकीय संग्रह रचला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. २०१७पासून 'पारी' हे संकेतस्थळ ते लोकांपुढे आणतं आहे, गाणारीचं नाव आणि गाव नोंदवून.

एकशेवीस तास! आवाज घडवणाऱ्या कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं. तांत्रिक अडचणी आहेत: हे गाणं आहे, बोलणं नव्हे, एकीच्या सुरात दुसरी मिसळते. पण माझा आक्षेप तंत्राचा नाही. त्या बायकांनी ओवी जपली जावी म्हणून गळा दिला. त्याच गळ्यातून उद्या कर्जाची जाहिरात बोलवून घ्यायला त्यांनी हो म्हटलेलं नाही. आणि आता चाळीस तासांचीही गरज उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३मध्ये मांडलेल्या 'व्हॉल-ई' प्रारूपाला नक्कल करायला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता.

नामवंतांना कोर्टाची वाट ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०२४मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाच्या नकलेला आवर घातला. ओवी गाणाऱ्या बाईकडे वकील नसतो. म्हणून मला 'कार्य' या बंगळूरच्या संस्थेची रीत बरी वाटते: आवाज देणाऱ्या गरीब माणसाला तासाला किमान पाच डॉलर, आणि त्याचा आवाज पुन्हा विकला गेला तर त्यातही वाटा.

बोलींचा साठा अगदीच नाही असंही नव्हे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या सर्वेक्षणात जिल्ह्याजिल्ह्यांतली बोलणी नोंदली गेली आहेत. विज्ञान संस्थेच्याच 'रेस्पिन' प्रकल्पात मराठीच्या बोली आहेत, पण तो यंत्राचा कान तयार करण्यासाठी. म्हणजे मावळातल्या बाईचं बोलणं समजून घेण्याचा खटाटोप सुरू झालाय. तिच्यासारखं बोलण्याचा अजून नाही. तो करायचा तर ताम्हिणीकडच्या एखाद्या गावात नव्यानं बसावं लागेल, गप्पा मारायला लावून, पैसे मोजून, मराठीत लिहिलेला करार वाचून दाखवून. या आवाजात काय बोलवून घेणार, किती वर्षं, आणि काय कधीच नाही, हे त्यात हवं. तिनं मागाहून नकार दिला तर काय, हेही हवंच. ध्वनिफीत पुसता येते, पण तिच्यावरून शिकलेल्या प्रारूपातून तेवढा गळा वेगळा काढता येत नाही. खात्रीनं काढायचा तर सगळी शिकवणी पहिल्यापासून, आणि तो खर्च कुणाचा, हेही आधीच लिहून ठेवावं लागेल.