पोखरणनंतरची युद्धं

११ आणि १३ मे १९९८ रोजी भारताने पोखरणच्या वाळवंटात पाच अणुचाचण्या केल्या. महिना संपण्याआधीच पाकिस्तानने बलुचिस्तानात चाचण्या करून उत्तर दिलं. आता दोघांकडेही बॉम्ब आहे, तेव्हा युद्धाचा प्रश्न मिटला, असं अनेक जाणकार त्या वेळी म्हणत होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, तेव्हा ते पटलंही. पण त्याच सुमारास नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे पाकिस्तानी सैनिक कारगिलच्या शिखरांवर ठाण मांडत होते. अण्वस्त्रांच्या भीतीने भारत मोठं युद्ध छेडणार नाही, हा त्यांच्या सेनापतींचा हिशेब होता.

तो निम्मा बरोबर ठरला. भारत लढला, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, या सरकारच्या आदेशात राहून. या आदेशाचा प्रत्यक्ष अर्थ तोलोलिंगसारख्या शिखरावर कळतो. शत्रूची रसद मागच्या बाजूने, रेषेपलीकडून येत होती. ती तोडायची मुभा नव्हती. मग उरला समोरचा उघडा चढ. ना झाड, ना आडोसा, विरळ हवा आणि वर मशीनगन लावून बसलेला शत्रू. जवान रात्रीच्या अंधारात खडकांना धरून चढत होते. हवाई दलाच्या मिराज विमानांनाही रेषा न ओलांडता येईल अशाच दिशेने टायगर हिलवर बॉम्ब टाकावे लागले. ५२७ जवान गेले. अण्वस्त्रांनी उपखंडात शांतता राखली, असं कुणी सहज बोलून जातं तेव्हा मला राग येतो. संयमाची ती किंमत या जवानांनी मोजली आहे.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये लाखो सैनिक सुमारे दहा महिने सीमेवर उभे राहिले आणि युद्ध न होताच परतले. जमवाजमवीत गेलेले आठवडे लष्कराच्या जिव्हारी लागले. झटपट, मर्यादित चढाईचे आराखडे त्यातून आले. त्यावर पाकिस्तानने २०११ मध्ये ६० किलोमीटर पल्ल्याच्या ‘नस्र’ची चाचणी घेतली. रणांगणावरच वापरायचं हे छोटं अण्वस्त्र माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत घातक भर आहे, कारण त्याने अण्वस्त्र वापराचा उंबरठा पार खाली आणला. मधल्या काळात, नोव्हेंबर २००८ मध्ये, मुंबईत १६६ माणसं मारली गेली आणि भारताने लष्करी कारवाई केली नाही.

पुढे मात्र प्रत्येक खेपेला रेघ सरकत गेली. २०१६ मध्ये उरीतल्या हल्ल्यानंतर कमांडो नियंत्रण रेषेपलीकडे जाऊन आले. २०१९ मध्ये पुलवामातल्या हल्ल्यानंतर विमानांनी थेट खैबर पख्तुनख्वातलं बालाकोट गाठलं. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जण मारले गेले. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे मिळून सहा जण होते. ७ मेच्या पहाटे पाकिस्तानी पंजाबमधल्या बहावलपूर आणि मुरीदकेसह नऊ ठिकाणी हल्ले झाले, तेही भारतीय विमानांनी सीमा न ओलांडता. त्यानंतरचे तीन दिवस ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे होते. रावळपिंडीचा नूर खान हवाई तळही सुटला नाही. १० मेला संध्याकाळी पाच वाजता शस्त्रं थांबली.

या काळातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा दिवस मात्र युद्धाचा नव्हताच. ९ मार्च २०२२ रोजी भारताकडून एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन कोसळलं. त्यात स्फोटकं नव्हती, जीवितहानी झाली नाही. दोन दिवसांनी भारताने खेद व्यक्त केला आणि पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आलं. पण ते हवेत होतं त्या काही मिनिटांत पलीकडच्या रडारसमोर बसलेल्याला यातलं काय माहीत होतं? १९९९ मध्ये विचार करायला आठवडे होते. हीच चूक ८ किंवा ९ मे २०२५ च्या रात्री झाली असती तर तिला चूक कोण म्हणालं असतं?

१९८८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर, मुंबईनंतर, पुलवामानंतरही त्यात खंड पडला नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार २००५ मध्ये झाला. ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात येत नाहीत, ड्रोनही नाहीत, आणि मे २०२५ ची लढाई मुख्यतः याच शस्त्रांनी लढली गेली. ती या करारात आणा, ही मागणी आज भाबडी वाटेल हे मला ठाऊक आहे. पण राजीव गांधी आणि बेनझीर भुत्तो यांच्या उपस्थितीत १९८८ चा करार झाला, तेव्हाही भारतातला पंजाब पेटलेला होता आणि सियाचीनवर गोळीबार चालूच होता.