डॉक्टर व्हायला निबंध कशाला?

न्यू जर्सीत शिकणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. "मामू, डॉक्टर व्हायचंय मला, आणि इथं निबंध लिहायला लावतात!"

अमेरिकेत आधी पदवी, मग मेडिकल. तिथली बरीच मेडिकल कॉलेजं रसायन-जीवशास्त्राबरोबर दोन सत्रं इंग्रजी किंवा लेखनाची मागतात. शाळेतल्या एपी परीक्षेचे गुण काही कॉलेजं त्याऐवजी धरतात, काही नाही. भाची तिथंच अडकली होती. मी म्हटलं, बेटा, जिथं अर्ज करायचा तिथला नियम आधी वाच. आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेतही नुसते उतारे वाचून 90 मिनिटांत 53 प्रश्न सोडवायचे असतातच की!

आपल्याकडे बारावीला इंग्रजीत पास झालं की भागतं. 'नीट'मध्ये भाषेचा प्रश्नच नसतो. माझ्या अम्मीला 'छातीत कालवल्यासारखं' व्हायचं. एका डॉक्टरांनी कागदावर एकच शब्द लिहिला, गॅस. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, चार प्रश्न विचारले, आणि दुखणं हृदयाचं निघालं.

हे ऐकून भाची थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मामू, नानीचं बोलणं त्यांनी मराठीत लिहिलं की इंग्रजीत?"

"आधी मराठीत. खाली इंग्रजीत."