बॅटरी मेली की नुसती झोपली?

ट्रिमर, डासांची बॅट, इमर्जन्सी दिवा, कॉर्डलेस ड्रिल. ही उपकरणं भंगारात जातात तेव्हा त्यांची मोटर किंवा सर्किट बहुधा ठणठणीत असतं. दगा दिलेला असतो तो आतल्या बॅटरीनं. ती घरच्या घरी बदलता येते, कधी कधी पुन्हा कामालाही लावता येते. मात्र सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी बॅटरीची जात ओळखली पाहिजे. सेलवर छापलेला व्होल्टेज वाचला तरी पुरतं. १.२ व्होल्टचा सेल निकेलचा, ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा लिथियमचा. शिशाच्या बॅटरीत दर सेलमागे २ व्होल्ट, म्हणून तिच्यावर ४, ६ किंवा १२ व्होल्ट लिहिलेलं असतं.

निकेल सर्वांत सोशिक. ट्रिमर महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिला की निकेल-मेटल हायड्राइड सेलचा व्होल्टेज शून्याजवळ येतो आणि हुशार चार्जर त्याला खराब ठरवून नाकारतो. प्रत्यक्षात सेल अनेकदा नुसता उपाशी असतो. १००० एमएएचच्या सेलला १०० मिलिअँपिअरइतका मंद प्रवाह थोडा वेळ दिला, की व्होल्टेज १ च्या वर चढतो आणि तोच चार्जर त्याला स्वीकारतो. पूर्ण भरून पूर्ण वापरण्याचे दोन-तीन फेरे झाले की बरीच क्षमता परत येते.

जुन्या निकेल-कॅडमियम सेलचं दुखणं वेगळं. त्यात कॅडमियमचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि मधला पडदा भेदून आतल्या आत शॉर्ट करतात. काही कारागीर मोठ्या प्रवाहाचा झटका देऊन तो तंतू जाळतात. सेल उठतोही, पण पडद्याचं भोक तसंच राहतं आणि तंतू पुन्हा वाढतो. शिवाय झटक्यानं सेल फुटू शकतो. नवा सेल घ्यावा, हे बरं.

शिशाच्या बॅटरीत वापराबरोबर प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. ते ताजं असताना चार्जिंगनं विरघळतं. बॅटरी रिकामीच ठेवली तर त्याचे टणक स्फटिक होतात आणि मग ते हटत नाहीत. त्यामुळे गावी जाताना इन्व्हर्टरची बॅटरी भरून ठेवावी. तिच्यातलं पाणी उडतं, आम्ल उडत नाही. म्हणून वरून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं.

लिथियमच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. लॅपटॉपच्या पॅकमधला सेल बहुधा १८६५० मापाचा असतो, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. तो भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. २.५ च्या बराच खाली जाऊन तिथेच राहिला, तर आतला तांब्याचा पत्रा द्रवात विरघळू लागतो. चार्ज करताना ते तांबं भलतीकडे जमतं आणि शॉर्टचं बीज पेरतं. असा सेल चार्ज झालेला दिसतो, पण पुढे केव्हाही पेट घेऊ शकतो. मल्टिमीटरवर २ व्होल्टच्या खाली आलेला लिथियम सेल मेला, असंच समजावं.

आता सोल्डरिंग. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली तार १८३ अंशांना वितळते. आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास असतं. लिथियम सेलमधला पॉलिएथिलिनचा पडदा १३० अंशांच्या सुमाराला वितळतो. कारखान्यात म्हणूनच निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं जोडतात. त्यात उष्णता क्षणभरच आणि ठिपक्याएवढ्या जागी लागते. सेलच्या अंगावर सोल्डर कधीच मारू नये. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टॅग, म्हणजे अशी पट्टी, आधीच लावलेले सेल मिळतात. सोल्डर करायचं ते त्या टॅगवर.

ट्रिमर उघडल्यावर पहिल्यांदा तारांचा फोटो काढा, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल होणार नाही. सेलच्या टोकाशी पांढरी पूड दिसली तर ते गळलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचं कार्बोनेट होतं. ते अल्कधर्मी असल्यानं व्हिनेगरच्या बोळ्यानं निघतं; हातात मोजे हवेत. मग तारेवर आणि टॅगवर वेगवेगळा सोल्डरचा पातळ थर चढवा. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून तांबं स्वच्छ करतो, तेच काम इथे फ्लक्समधली राळ करते: ऑक्साइड हटलं नाही तर कथील धरत नाही. दोन्ही थर एकमेकांवर टेकवून टोक दोन सेकंद लावा. सांधा गुळगुळीत, चकचकीत दिसला पाहिजे. रवाळ, मळकट दिसला तर तो ड्राय सोल्डर. तो लवकरच सुटणार. खिडकी उघडी ठेवा आणि शेवटी हात धुवा, कारण तारेत शिसं आहे.

जुना सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि सेल ई-कचरा संकलन केंद्रावर द्या. निकेल जगवा, शिसं सांभाळा. फुगलेल्या लिथियमला मात्र घरात थारा देऊ नका.