ईमेलचे दप्तर नव्या सर्व्हरवर नेताना काय हरवू शकते?

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात, वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाची भूसंपादन, मोबदला आणि पुनर्वसनाची प्रकरणे पुढे दशकानुदशके चालली. अशा प्रकरणात तीस वर्षांपूर्वीचा एखादा कागद निर्णायक ठरू शकतो. नोटीस कधी निघाली, मंजुरी कोणी दिली, आक्षेप मुदतीत आला होता का, हे त्यावरूनच कळते. तेव्हा तो कागद रुमालात बांधलेल्या दप्तरात असायचा. आता असा बराचसा पत्रव्यवहार ईमेलने होतो. कपाटातले दप्तर वाळवीपासून जपले तर चाळीस वर्षे टिकते. सर्व्हर मात्र पाच-सात वर्षांत जुना होतो आणि त्यातला सगळा ऐवज दुसरीकडे हलवावा लागतो.

हलवाहलव किती मोठी असू शकते, याचे उदाहरण ताजे आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल एनआयसीच्या जुन्या यंत्रणेतून झोहोच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या ऑक्टोबर २०२५ मध्ये आल्या. पत्ते तेच राहिल्याने बाहेरच्या माणसाला बदल जाणवलाही नाही. पण ही गोष्ट रोजच्या वापरातल्या मेलपेटीची झाली. जुन्या मेलचा संग्रह हलवणे हे वेगळे आणि जास्त नाजूक काम आहे.

संग्रह आणि बॅकअप एक नव्हे

बॅकअप म्हणजे ठरावीक वेळी घेतलेली प्रत. कर्मचाऱ्याने सकाळी आलेला मेल दुपारी पुसला आणि बॅकअप रात्री झाला, तर तो मेल प्रतीत नसतोच. संग्रह करणारी यंत्रणा, म्हणजे ईमेल आर्काइव्ह, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत त्याच क्षणी बाजूला काढून ठेवते. कर्मचाऱ्याने नंतर आपली पेटी रिकामी केली तरी ती प्रत राहते.

कायद्याच्या दृष्टीने या प्रतीला किंमत आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेलचा स्पष्ट उल्लेख आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७ सांगते की जतन केलेली इलेक्ट्रॉनिक नोंद पुढेही वापरता आली पाहिजे, मूळ रूपात राहिली पाहिजे, आणि ती कोणाकडून, कोणाला, केव्हा गेली हे तिच्यावरून कळले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ नुसार न्यायालयात द्यायच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचे हॅशमूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसाच. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो.

प्रमाणपत्राचे महत्त्व महाराष्ट्राने जालन्याच्या निवडणूक खटल्यात पाहिले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात प्रश्न ईमेलचा नव्हता, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा होता. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा जुना कायदा लागू होता, पण तत्त्व आजही तेच आहे. नोंद आहे एवढे पुरत नाही, ती जशीच्या तशी आहे हे दाखवता यावे लागते.

चार गोष्टी, आणि एक किल्ली

समजा, भंडाऱ्यातील एका कार्यालयाने ‘पायलर’ ही मुक्त संगणकप्रणाली वापरून मेल साठवले आहेत. तिथे एक मेल म्हणजे एक फाइल असे सोपे चित्र नसते. मजकूर आणि जोडपत्रे आवळून, कूटबद्ध करून एका फोल्डरमध्ये असतात, आणि तेच जोडपत्र पन्नास जणांना गेले तरी एकदाच साठवलेले असते. कोणता मेल कोणाचा, याची नोंद डेटाबेसमध्ये असते. शोधासाठी वेगळी सूची असते. या सगळ्यांवर कूटबद्धतेची एक छोटीशी किल्लीफाइल असते.

फोल्डर कित्येक टेराबाइटचा असल्याने सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते. किल्लीफाइल मात्र इवलीशी असते आणि सेटिंगच्या फाइलींसोबत दुसरीकडेच पडलेली असते. जुना सर्व्हर भंगारात गेल्यावर तिची आठवण झाली, तर अनेक वर्षांचे मेल डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नाहीत. म्हणून किल्लीची प्रत सर्वांत आधी काढावी, आणि सर्व्हरपासून दूर, तिजोरीत ठेवावी.

सेटिंगमध्येच दुसरा खड्डा आहे. पायलरमध्ये मेल जपण्याची मूळ मुदत २५५७ दिवसांची, म्हणजे सात वर्षांची आहे. कार्यालयाने ती वाढवलेली असेल आणि नव्या सर्व्हरवर तो बदल करायचा राहिला, तर तिथे आलेल्या मेलना सात वर्षांचेच आयुष्य मिळते. चूक लक्षात यायलाही सात वर्षे लागतात. भूसंपादनाच्या प्रकरणाला ती मुदत किती तोकडी, हे गोसेखुर्दवरून कळतेच.

घड्याळाचेही तसेच. सर्व्हर भारतीय वेळेऐवजी जागतिक वेळेवर ठेवला, तर १ एप्रिलच्या पहाटे पाचला आलेला मेल ३१ मार्चचा दिसतो. आर्थिक वर्षच बदलले!

मराठीची वेगळी अडचण

इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये हा भाग सापडत नाही. स्फिंक्ससारख्या शोधयंत्रात कोणती चिन्हे अक्षरे मानायची याची यादी द्यावी लागते. जुन्या आवृत्त्यांत मूळची यादी इंग्रजी आणि रशियन अक्षरांपुरती होती. यादीत देवनागरी अक्षरे घातली पण काना, मात्रा, अनुस्वार राहिले, तर ‘भंडारा’ या शब्दाचे तुकडे होतात आणि शोध भलतेच मेल आणतो किंवा काहीच आणत नाही. जुन्या सर्व्हरवर कोणीतरी ही यादी दुरुस्त केलेली असते, नव्यावर ती दुरुस्ती विसरली जाते.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. धान खरेदीच्या पत्रव्यवहारात तो ओळीओळीला येतो. त्यातला ‘ऱ्या’ कीबोर्डनुसार दोन पद्धतींनी टंकला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी मात्र वेगळे. एका पद्धतीने शोधले की दुसऱ्या पद्धतीचे मेल निसटतात. नवी सूची बांधतानाच दोन्ही रूपे एकच मानण्याचा नियम घालता येतो. मूळ मेलमध्ये मात्र हात घालू नये, कारण मग ठसा बदलेल.

कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली जोडपत्रे याहून अवघड. त्यांत मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे साठवलेली असतात, त्यामुळे मराठीत शोधून ती सापडत नाहीत. अशा फाइलींची यादी करून, युनिकोडमधली प्रत शोधापुरती शेजारी ठेवणे एवढाच व्यवहार्य उपाय आहे.

बदल कधी करायचा?

घाईने एका रात्रीत केलेला बदल महागात पडतो. आधी नव्या सर्व्हरवर त्याच आवृत्तीची प्रणाली बसवावी. नवी आवृत्ती हा वेगळा दिवस, वेगळे काम. मग येणाऱ्या मेलची प्रत काही दिवस दोन्ही सर्व्हरवर जाऊ द्यावी. जुना साठा मागून सावकाश नेता येतो, आणि मधल्या दिवसांचे मेल कुठेच नाहीत अशी वेळ येत नाही.

तपासणीला एकूण आकडा पुरत नाही. प्रत्येक महिन्याचे मेल दोन्हीकडे मोजावेत. काही मेल यदृच्छेने काढून त्यांचे हॅश ताडून पाहावेत. शेवटी तांत्रिक माणसाला बाजूला बसवून आस्थापना शाखेतल्या लिपिकाला सांगावे की अमुक साली आलेले, जोडपत्र असलेले, ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द असलेले पत्र काढून दाखवा. ते पत्र जोडपत्रासह उघडेपर्यंत जुन्या सर्व्हरची डिस्क पुसू नये, आणि उघडल्यावरही ती काही महिने केवळ वाचण्यापुरती, कुलपात ठेवावी.