रिकामं मचाण

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मलेशियाला गेलो होतो. नातवाच्या हट्टापायी क्वालालंपूरहून पुन्हा विमान पकडून बोर्निओ बेटावर, साबा राज्यातल्या संदाकानला उतरलो. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर सेपिलोकचं राखीव जंगल आहे. अनाथ ओरांगउटानांना पुन्हा रानात राहायला शिकवणारं केंद्र तिथे १९६४ पासून चालू आहे. मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे वन. वनमानवच म्हणा ना!

सकाळी दहाला खाणं मांडतात. झाडीत लाकडी मचाण, त्याला बांधलेले दोर. दोन पिल्लं लोंबकळत आली, निवांत केळी सोलून खाल्ली आणि गेली. बस्स, तेवढंच. शेजारचे गृहस्थ "तिकिटाचे पैसे वाया गेले" म्हणून कुरकुरले. नातवानं विचारलं, "आजोबा, रोज केळीच? कंटाळत नसतील?"

त्यांनी कंटाळावं म्हणूनच ती देतात, श्रोतेहो! कंटाळली की रानातली फळं शोधतील. मचाणावर कोणी आलंच नाही, तर ती शिकवणाऱ्यांची फत्ते.

पण हे शिकवणं सोपं नाही. ओरांगउटानच्या मादीला सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू होतं आणि ते सहा-सात वर्षं तिला सोडत नाही. कुठलं फळ कधी पिकतं, कुठला पाला खायचा, रोज संध्याकाळी फांद्या वाकवून झोपायचं घरटं कसं बांधायचं, हे सगळं ते आईचं बघून शिकतं. जंगल तोडताना किंवा पिल्लू विकायला पळवताना आधी आईला मारतात, कारण जिवंतपणी ती त्याला सोडत नाही. म्हणजे पिल्लाची आई जाते, तशी शाळाही जाते. मग माणसांनी त्याला झाडावर चढायला शिकवायचं! तेही जपून, कारण आपली साधी सर्दीसुद्धा त्यांना बाधते.

परतताना गाडीतून झाडंच झाडं दिसत होती. नातू खूश झाला. मीही झालो असतो, पण सगळी झाडं एकाच जातीची, रांगेत उभी. तेलताडाच्या बागा! रेशनच्या रांगेत डबा घेऊन ज्या पामतेलासाठी आम्ही उभे राहायचो, ते याचंच. जगात सर्वाधिक पामतेल आयात करतो तो आपला देश. तेलताडाला नुसतं खलनायक ठरवणंही बरोबर नाही. एकरी इतकं तेल दुसरं कुठलंच पीक देत नाही. प्रश्न आहे तो जंगल तोडून बाग लावण्याचा.

रात्री हॉटेलात घरून आणलेल्या फरसाणाचा पुडा काढला. नातवानं मागची बारीक अक्षरं वाचली. "आजोबा, यात पामोलिन आहे." त्यानं हात मागे घेतला. मी मात्र खाल्लं. भूक लागली होती.